भोंगा थांबला, मग जमिनीचं काय झालं?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक एका आजींच्या ओसरीवर भरली होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहाही झाला. उठायच्या वेळेला आजी म्हणाल्या, "थांबा गं पोरींनो, जरा एक बघून जावा." आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. वर लुगडी, खाली लग्नातली पितळी डबी आणि अगदी तळाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. एक हजेरीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची एक चिठ्ठी आणि एक छोटा पत्र्याचा बिल्ला, त्याच्यावर नंबर. मालकांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, गिरणीतला तो नंबर.

बहात्तरच्या दुष्काळात आजी आणि त्यांचे मालक गाव सोडून मुंबईला गेले होते. मालक गिरणीत लागले. दहा वर्षांनी संप झाला, गिरणी बंद पडली आणि ही दोघं परत गावाला आली. मालक जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलानं घरासाठी अर्ज कधीचाच केलाय, पण नंबर काही लागलेला नाही. आजींनी आम्हाला विचारलं, "गिरणीच्या जागेवर घरं देणार म्हणत्यात. मग एवढी मोठी जागा गेली कुठं?"

आम्ही चौघी समन्वयक. बीए केलेल्या, हिशेब लिहिणाऱ्या, बँकेत जाणाऱ्या. पण आजींच्या प्रश्नाला आमच्यापाशी नीट उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडतोय. मुंबईची गोष्ट आहे म्हणून रेडिओ बंद करू नका. ती फिरून आपल्याच दाराशी येते, ते शेवटी कळेल.

सरहद्दीपलीकडच्या गिरण्या

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानाबाद हे नावही निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं. पण सरहद्द ओलांडली की पलीकडं इंग्रजांचा मुलूख आणि तिथं बार्शी नि सोलापूर. दोन्हीकडं कापडाच्या, सुताच्या गिरण्या. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. बार्शीला छोट्या रुळांची 'बार्शी लाईट' गाडी आली, ती पुढं येडशी, ढोकीवरून १९११ ला लातूरपर्यंत पोचली. त्या गाडीनं कापूस जायचा, धान्य जायचं आणि कामाला माणसंही जायची. आपले शाहीर अमर शेख बार्शीचेच. त्यांनीही तिथल्या गिरणीत काम केलेलं आणि कामगारांच्या लढ्यात उडी घेतलेली.

जे बार्शी-सोलापूरला घडत होतं, तेच मुंबईत शंभर पटीनं मोठं घडत होतं. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. १८५६ ला ताडदेवला ती चालू झाली. मग परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, दादर असा गिरण्यांचा पट्टाच उभा राहिला. त्यालाच लोक गिरणगाव म्हणू लागले. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर इकडचे लोक जास्त. आपल्या मराठवाड्यातलेही होते, विशेषतः दुष्काळ पडला की.

गिरणीचा भोंगा वाजला की माणसं चालतच कामाला जायची. कारण राहणं गिरणीच्या आजूबाजूलाच. दहा बाय बाराची खोली, तिच्यात पाच-पाच, दहा-दहा जण. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. चाळीच्या खाली किराणा, पिठाची गिरणी, पानपट्टी, भजनी मंडळ, तालीम. कोपऱ्यावर मासळीवाली. म्हणजे काम, घर, बाजार, करमणूक हे सगळं एका हाकेच्या अंतरात होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

बाया कुठं होत्या?

गिरणी म्हटलं की डोळ्यांपुढं पुरुष येतात. पण १९२०-३० च्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागं एक बाई होती. सूत गुंडाळायच्या, लडी करायच्या खात्यांत बायांचंच राज्य. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई असायची, तिला नायकीण म्हणायचे. संपातही बाया मागं नव्हत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी गिरणीतल्या बायांना संघटित केलं, मोर्चे काढले, तुरुंगवासही भोगला. दोघींनीही आपल्या आठवणी सांगून ठेवल्यात, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे.

मग बाया गिरणीतून गेल्या कशा? १९२९ ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा आला. कायदा चांगलाच. पण बाई ठेवली तर भत्ता द्यावा लागतो, रात्रपाळीलाही लावता येत नाही, मग ठेवायचीच कशाला, असा हिशेब मालकांनी केला. पुढं नवी यंत्रं आली, तीही आधी बायांच्याच खात्यांत. हळूहळू बाया कमी होत गेल्या. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत अगदी थोड्या बाया उरल्या होत्या.

गिरणीतून सुटलेली बाई घरी बसली का? नाही. तिनं चूल पेटवली. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवण कोण देणार? तिथं खानावळवाली उभी राहिली. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसांचा स्वयंपाक. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, दुपारी दुसऱ्या पाळीचे, रात्री तिसऱ्या पाळीचे. पैसे मात्र महिना संपल्यावर. तोवर किराणा उधारीवर, त्यावर व्याज. संप झाला की जेवणारे उपाशी कसे ठेवायचे म्हणून बाई जेवण घालतच राहायची आणि सावकाराचं कर्ज तिच्या डोक्यावर चढायचं.

ह्याच बायांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पहिल्यांदा चौदा जणी. तारण ठेवायला काही नाही, तर एकमेकींची हमी द्यायची आणि बँकेचं कर्ज घ्यायचं. सावकार सुटला. मैत्रिणींनो, आज आपण गटात जे करतो, एकमेकींची हमी, वेळेवर परतफेड, बँकेत पत, ते गिरणगावच्या खानावळवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. आपली ही थोरली बहीण म्हणा ना.

संप आणि कुलूप

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मागण्या काय? पगार वाढवा, बदली कामगारांना कायम करा, आम्हाला हवी ती संघटना निवडू द्या. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या वेळी मुंबईत साठेक गिरण्या होत्या. संप वर्ष-दीड वर्ष रेटला गेला आणि शेवटी अधिकृतपणे मागं घेतलाच गेला नाही. लाखाहून जास्त लोकांचं काम गेलं. कुणी गावी परतलं, कुणी हातगाडी लावली, कुणी वॉचमन झालं. घरोघरच्या बायांनी धुणीभांडी धरली, पापड लाटले, पोरांच्या शाळा सोडवल्या.

१९७४ ला आणि पुन्हा संपानंतर १९८३ ला सरकारनं बऱ्याच आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेल्या. बाकीच्या खाजगी मालकांकडं राहिल्या. पण बहुतेक गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती आणि मालकांचं ध्यान कापडावरून उडालं होतं. त्यांच्या ध्यानात आलं होतं, की कापडापेक्षा खालची जमीन महाग आहे. भर मुंबईत, रेल्वे स्टेशनांना लागून, सगळ्या गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती.

नकाशातले रंग

आता इथं जरा शाळेसारखं ऐका. शहराचा विकास आराखडा असतो. त्यात रंग असतात. साधारणपणे पिवळा म्हणजे राहायची जागा, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे बाग, मैदान किंवा शेती. ज्या जमिनीला जो रंग, तिथं तेच करायचं. गिरण्यांची जमीन जांभळी. तिथं कारखानाच चालवता येणार, इमारत बांधून फ्लॅट विकता येणार नाहीत. म्हणून जमीन कितीही मोक्याची असली तरी मालकाला तिचं सोनं करता येत नव्हतं.

आपल्याकडं शेतजमीन बिनशेती, म्हणजे एनए झाली की भाव कसा एका रात्रीत चढतो, ते तुम्ही बघितलंय. माती तीच, बांध तोच, कागदावरचा शब्द बदलला की लाखाचे दहा लाख होतात. गिरणीच्या जमिनीचंही तसंच. कागदावरचा शब्द बदलला तर जो पैसा उभा राहणार, तो कुणाचा? सगळं भांडण ह्या एका प्रश्नावर झालं.

१९९१ ला मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात अठ्ठावन्न नंबरचा नियम गिरण्यांसाठी होता. आजारी किंवा बंद गिरणीच्या जमिनीचा वापर बदलायला परवानगी, पण वाटणी करून. एक तृतीयांश महापालिकेला, बागा-मैदानं अशा मोकळ्या जागांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. एक तृतीयांश मालकाला, घरं, दुकानं, कचेऱ्या काहीही बांधायला. त्या पैशातून कामगारांची देणी द्यायची, जमलं तर गिरणी सावरायची.

भाकरीचे तीन वाटे. एक गावाला, एक गरिबाच्या घराला, एक मालकाला. कागदावर बघितलं तर वाईट वाटणी नव्हती. पण बहुतेक मालक पुढं आलेच नाहीत. दोन वाटे द्यावे लागतील म्हटल्यावर थांबून राहणं त्यांना परवडत होतं. कामगाराला परवडत नव्हतं.

१९९६ ला नामवंत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं महामंडळाच्या गिरण्यांसाठी अहवाल दिला. एकेक गिरणीचे तुकडे करण्यापेक्षा सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, म्हणजे मोठी मैदानं, घरं आणि रोजगार तिन्ही नीट बसवता येतील, असं त्याचं सार. तो अहवाल अमलात आला नाही.

आणि मग २००१ ला नियम बदलला. तीन वाटे तेच राहिले, पण कशाचे, ते बदललं. आधी वाटणी सगळ्या जमिनीची होती. आता म्हणे, ज्या जमिनीवर काही बांधलेलं नाही, तेवढ्या मोकळ्या जागेचीच वाटणी. गिरणी म्हटल्यावर बहुतेक जमिनीवर खाती, गोदामं, शेड उभ्याच असणार. त्या पाडून नवं बांधलं तरी ती जागा वाटणीतून बाहेर.

म्हणजे काय झालं बघा. सासूबाई म्हणाल्या, भाकरीचे तीन सारखे वाटे करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भाकरी थोरल्याच्या ताटात गेली आणि परातीत जे पीठ सांडलं होतं त्याचे तीन सारखे वाटे झाले. सासूबाईंचा शब्द मोडला असं कुणाला म्हणताही येईना. वाटे तीनच होते की.

कोर्टाची पायरी

२००५ ला महामंडळानं पाच गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या. ज्युपिटर गिरणी २७६ कोटींना, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना, मुंबई टेक्स्टाईल ७०२ कोटींना गेली. आमच्या गटाचं वर्षाचं कर्ज तीन लाखांचं. आम्ही कागदावर शून्यं मोजायला बसलो आणि दोनदा चुकलो.

पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं हायकोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं, मुंबईला श्वास घ्यायला मोकळी जागा उरली नाही, २००१ चा बदल लोकांच्या हक्कावर गदा आणतो. ऑक्टोबर २००५ ला मुंबई हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. लोकांना वाटलं, वाटणी पुन्हा पूर्ण जमिनीची होणार. पण ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला आणि २००१ चा नियम कायम ठेवला. ह्या एका तारखेनं गिरणगावचा चेहरा ठरला.

परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, तिची चिमणी तेवढी उभी आहे. बाकीच्या जागी काचेच्या कचेऱ्या, पन्नास-साठ मजल्यांचे टॉवर, हॉटेलं. सरकारी भाषेत ह्याला मिश्र वापर म्हणतात, म्हणजे राहणं, काम, बाजार एकत्र. ऐकायला छान वाटतं. पण मघाशी सांगितलेलं ध्यानात आहे ना? गिरणगावात काम, घर, बाजार आधीपासून एकत्रच होते. मिश्रण नवं नव्हतं, माणसं नवी आली. जुनी माणसं डोंबिवली, विरार, नाहीतर गावाला गेली.

आणि जागा बदलली तरी रस्ते, जिने, पूल बदलले नाहीत. चालत कामाला येणाऱ्या गिरणी कामगारांच्या काळातली ती स्टेशनं. आता तिथं लोकलनं लाखो कारकून, सफाई करणाऱ्या बाया, डिलिव्हरीची पोरं उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले, त्यात बायाच जास्त होत्या. जमिनीचा वापर बदलताना पाण्याचा, वाटेचा, आग लागली तर बाहेर कसं पडायचं ह्याचा विचार आधी झाला नाही, तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

घराची वाट

मग कामगारांना काहीच मिळालं नाही का? तसं नाही. जे मिळालं ते भांडून मिळालं. मॉडर्न मिलमधले कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८९ ला बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभारली. उपोषणं केली, मोर्चे काढले, मंत्रालयाच्या चकरा मारल्या. सगळ्या मोर्च्यांत पुढच्या रांगेत बाया असायच्या, कारण तोवर बरेच कामगार वारले होते आणि बायकांनीच लढा हातात घेतला होता. गिरणीच्या जागेवर गिरणी कामगाराला घर, ही मागणी त्यांनी सरकारकडून मान्य करून घेतली. इस्वलकर २०२१ ला गेले.

२८ जून २०१२ ला म्हाडाची पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. पुढं २०१६ ला आणि १ मार्च २०२० ला आणखी सोडती झाल्या. २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरं होती. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेनऊ लाख. आणि अर्ज किती? पावणेदोन लाखांच्या घरात. म्हाडाच्या वाट्याला जागाच कमी आली, तर घरं कुठून येणार? म्हणून आता मुंबईबाहेर शेलू, वांगणीकडं घरं देण्याची गोष्ट निघाली. बऱ्याच कामगारांचं म्हणणं, आमचा घाम परळला गळला, घर तिकडं लांब का?

आजींच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. जागा कुठं गेली नाही, तिथंच आहे. वाटणीचा नियम एका ओळीनं बदलला आणि वाटा आटला.

हे सगळं आम्ही आजींना पुढच्या बैठकीत समजावून सांगितलं. हेही सांगितलं की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला हक्क आहे. त्यासाठी हजेरी कार्ड, तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, फंडाची पावती हे कागद लागतात. त्यांचे कागद बरोबर आहेत, अर्ज झालेला आहे, कागद जपून ठेवा. आजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मालकांचं कार्ड हाय. मी दहा वरीस खोलीत अठरा माणसं जेवू घातली. त्यांच्यावरच गिरणी चालली. माझं कार्ड कुठं हाय?"

आम्ही गप्प बसलो. कारण खरंच, ज्यांची नावं गिरणीच्या हजेरीवर होती तेवढेच कामगार. त्यांना जेवू घालणारी, त्यांच्या पोरांना सांभाळणारी, भाजी विकणारी बाई कुठल्याच यादीत नव्हती. वाटणी झाली तेव्हा तिचा चौथा वाटा कुणी धरलाच नाही.

आपल्या दाराशी

आता म्हणाल, ही मुंबईची गोष्ट. आपलं काय?

बार्शीची गिरणी महामंडळाकडंच होती. ती २०२० पासून बंद आहे. सोलापूरच्या मोठमोठ्या गिरण्या त्याच्या आधीच गेल्या. आपल्या ढोकीचा तेरणा साखर कारखाना कित्येक वर्षं बंद होता. कारखाना बंद पडला की आजूबाजूची चहाची टपरी, खानावळ, पंक्चरवाला, शाळेचा रिक्षावाला सगळे बसतात. आणि जमीन तशीच राहते, गावाच्या किंवा शहराच्या अगदी शेजारी. शहर वाढत त्याच्यापर्यंत येतं. मग एक दिवस ती जमीन कारखान्याची राहावी की तिथं घरं, दुकानं व्हावीत, हा प्रश्न येतो. आज ना उद्या तो आपल्या तालुक्याच्या गावांतही येणार.

कारखान्याची जमीन घरांसाठी, दुकानांसाठी खुली करणं हे वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. बंद शेडमध्ये साप-विंचू राहण्यापेक्षा माणसं राहिलेली बरी. दवाखाना, बाजार, घरं एकत्र आली तर बाईचाच फायदा जास्त, तिची पायपीट वाचते. प्रश्न इतकाच, की वाटे कसे पडतात आणि ते कोण पाडतं. तेव्हा अशी वेळ आली तर गटानं, ग्रामसंघानं चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, वाटणी सगळ्या जमिनीची की उरलेल्या जमिनीची? गिरणगाव ह्या एका शब्दावर हरलं. कुणी तीन वाटे म्हणालं की लगेच विचारा, कशाचे तीन वाटे?

दुसरी, लोकांचा वाटा आधी मिळणार की नंतर? टॉवर आधी उभे राहिले, घरांच्या सोडती त्यानंतर कित्येक वर्षांनी निघाल्या. तोवर माणसं म्हातारी झाली, काही गेली.

तिसरी, रस्ता, पाणी, गटार, शाळा ह्यांची सोय किती माणसांच्या हिशेबानं केली? जुन्या हिशेबानं असेल तर लेखी हरकत घ्या.

चौथी, कामगारांच्या यादीबरोबर पोट भरणाऱ्यांची यादी झाली का? खानावळवाली, भाजीवाली, टपरीवाली त्यात आहे का?

हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा सांगतो, की विकास आराखडा तयार झाला की तो जाहीर करून लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. आराखड्यात पुढं बदल करायचा तरीही. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, मुदत असते. मुदतीत साध्या कागदावर लिहून दिलं आणि पोच घेतली तर ते रेकॉर्डवर जातं. इंग्रजी लागत नाही, वकील लागत नाही. नगरपालिकेत नकाशा बघायला मागा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायांना आहेत, म्हणजे नकाशा दाखवा म्हणून जिला सांगायचं ती नगरसेविका आपल्यातलीच असेल.

आणि ज्या मैत्रिणी रस्त्यावर विकायला बसतात त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगरपालिकेच्या सर्वेक्षणात नाव लावून घ्या, प्रमाणपत्र घ्या. शहराच्या पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायांच्या असतात. आपल्या काही गटांनी कामाच्या ठिकाणी जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केलीय. चांगलं आहे. पण नुसत्या डब्यावर थांबू नका. अन्न परवान्याची नोंद करा, उद्यम नोंदणी करा, गटाच्या नावानं पावती पुस्तक ठेवा. उद्या कुणी विचारलं, इथं तुमचं काय होतं, तर दाखवायला कागद पाहिजे. आजींपाशी तो नव्हता.

त्या दिवशी बैठक संपताना आम्ही एक छोटं काम केलं. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, आपल्या तेरा जणींपैकी कोण कुठं, कधीपासून, काय काम करते. शेतमजुरी, शिलाई, शेळ्या, डबे, अंगणवाडीत मदतनीस. खाली तारीख टाकली, सगळ्यांनी सह्या केल्या. आजींना सही येत नाही, त्यांनी अंगठा दिला. त्यांच्या नावापुढं आम्ही लिहिलं, "मुंबई, परळ, खानावळ, दहा वर्षं." त्यांनी ते आम्हाला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

तुम्हीही पुढच्या बैठकीत एवढं करा. वहीचं एक पान पुरतं.